आडवी शिकवलेली रेघ

गेली तीन वर्षं फळ्यावर एक ठरावीक रेघ काढायची वेळ आली की मी वर्गाकडे पाठ करतो आणि ती पुरी होईपर्यंत वळत नाही. पोरांना वाटतं, मास्तर रेघ सरळ यावी म्हणून जपतात. मीही तसं वाटू दिलं आहे. खरं कारण आज दुपारपर्यंत एक माणूस सोडून कुणाला बोललो नाही — घरात नाही, शाळेत नाही, देवापुढेही नाही, कारण देवापुढे बोलायचं तर आधी स्वतःशी बोलावं लागतं. आज बोलतो. तुम्ही नुसतं ऐका, मधे काही विचारू नका. विचारलंत तर मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलत बसेन, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

रेघ साधी आहे. क्ष बरोबर चार. शाळेत आलेख काढले असतील तर आठवेल — चौकटींच्या कागदावर एक आडवी रेघ, तो क्ष-अक्ष. एक उभी, तो य-अक्ष. दोन्ही मिळतात तिथे शून्य. शून्यापासून उजवीकडे मोजलं की क्ष, वर मोजलं की य. आता सांगा, क्ष बरोबर चार ही रेघ काढायची झाली तर ती उभी येईल की आडवी? बहुतेक जण पटकन म्हणतात, आडवी. क्ष-अक्ष आडवा, तर क्षची रेघही आडवीच असणार. वाटतं की नाही तसं? मलाही वाटलं. फरक एवढाच, की मी मास्तर होतो.

मी मुळात सांगलीचा, आणि मुळात भाषेचा मास्तर. वृत्तं, अलंकार, निबंध — हा माझा प्रांत. लढाई संपून वर्ष होत आलं होतं तेव्हा साताऱ्याच्या एका शाळेत जागा निघाली. अर्जात विचारलं होतं, बीजगणित आलेखांसह शिकवता येईल काय? मी लिहिलं, होय. बीजगणित येत होतं, ते खोटं नाही. आलेख मात्र — आमच्या मास्तरांनी तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडला होता, आणि घरी वाचा म्हटलेलं कोण वाचतं? मी वाचलं नाही. पण ही सबब नव्हे. अर्जावर 'होय' मी लिहिलं होतं, आमच्या मास्तरांनी नव्हे.

त्या साली पलटणीतून सुटलेली माणसं गावोगाव परत येत होती. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत. आता तो घरी येऊन करणार काय, हा प्रश्न होता. सरकारच्या मोजणीदारांच्या वर्गात सुटलेल्या शिपायांसाठी काही जागा ठेवल्या होत्या, आणि त्यांना वयाची अट फक्त त्या एका वर्षापुरती सैल केली होती. प्रवेशाची परीक्षा साताऱ्यातच व्हायची. तिच्या तयारीसाठी आमच्या शाळेनं दुपारचा एक वर्ग काढला. बाकीच्या मास्तरांनी अंग चोरलं — एवढ्या मोठ्या बाप्यांना शिकवायचं म्हणजे अवघड जागेचं दुखणं. नवा होतो म्हणून वर्ग माझ्या गळ्यात पडला.

सातजण आले. शाळकरी पोरांच्या बाकांत त्यांचे गुडघे मावत नसत, म्हणून पाय बाहेर काढून ते तिरके बसत. त्यांच्यात वयानं आणि हुद्द्यानं मोठा होता हवालदार महिपती. वाळवे तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावचा. घरी ऊस होता, पण तो थोरल्या भावाच्या हातात. याला औत धरायचं नव्हतं. मोजणीची साखळी धरायची होती. नदीला पूर येऊन गेला की काठच्या गाळाच्या रानात बांधांच्या खुणा राहत नाहीत आणि भाऊ भावाच्या अंगावर जातो, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारल्यावर. त्याला बत्तिसावं सरत आलं होतं. पुढच्या वर्षी वयाची अट पुन्हा आवळणार होती, म्हणजे ही एकच संधी.

हा माणूस फौजेची जांभळी पेन्सिल वापरायचा. तिचं टोक जिभेला लावून ओलं करायचं आणि मग लिहायचं, त्यामुळे तास संपेपर्यंत त्याचा खालचा ओठ जांभळा होई. बाकीचे त्यावरून त्याची थट्टा करत आणि तो करू देई. तोफखान्यात तो नकाशावर खुणा करायच्या कामावर होता. इटलीच्या डोंगरात तो जिथे बोट ठेवी तिथे गोळा पडायचा, असं त्याचे सोबती सांगत. तो स्वतः कधी बोलला नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. मी फळ्यावर अक्ष काढले आणि नियम सांगितला — क्षचं घर आडवं, म्हणून क्ष बरोबर काहीही असो, रेघ आडवी. यचं घर उभं, म्हणून यची रेघ उभी. वर त्याची दोन ओळींची कविता करून दिली. भाषेचा मास्तर ना! सहाजणांनी उतरवून घेतली. महिपतीनं पेन्सिल खाली ठेवली आणि उभा राहिला.

"आवं मास्तर, ही रेघ उभी याला पायजे बगा," तो म्हणाला. "निशाणाच्या काठीपास्नं उजवीकडं चार पावलं टाकली, ती चार काय सोडायची न्हाईत. मग म्होरं किती बी जावा, मागं किती बी या. चाराला धरूनच ऱ्हायाचं. तोफंच्या नकाशावर आमी आसंच मोजायचो."

किती सोपं करून सांगितलं होतं त्यानं! आज मला ते जसंच्या तसं आठवतं, आणि खोटं कशाला बोलू — गेली तीन वर्षं मी पोरांना अंगणात नेऊन त्याच शब्दांत ते शिकवतो. पण त्या दिवशी मी शब्द ऐकलेच नाहीत. मला फक्त एवढंच ऐकू आलं की एक शिपाईगडी सहाजणांसमोर मला चुकीचं ठरवतो आहे. माझे कान तापले. मी म्हणालो — हे वाक्य मला आजवर गिळताही आलं नाही आणि ओकताही — मी म्हणालो, "तोफ डागायला हुकूम पुरतो, हवालदार. इथे अक्कल लागते."

वर्गात कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मग मी त्याला फळ्यापाशी बोलावलं, हातात खडू दिला आणि ती रेघ माझ्या नियमानं काढायला लावली. त्यानं पट्टी ठेवली, चारच्या उंचीवर आडवी रेघ ओढली, अगदी पाण्यासारखी सपाट. "व्हय जी," म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. एखाद्यानं वाद घातला असता, तोंड वाकडं केलं असतं. त्यानं ती कविता उतरवून घेतली.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मास्तर चुकला, आणि चूक दाखवणाऱ्याचा त्यानं पाणउतारा केला. एवढाच असता तर मी तो केव्हाच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो. अशा गोष्टी मास्तरलोक एकमेकांना हसत सांगतात. हा गुन्हा नव्हे. ही नुसती त्याच्याकडे जाणारी पायरी.

त्याच दिवशी दिवे लागायच्या वेळी मी घरी पुस्तक उघडलं. त्याला खोटं पाडायला पुरावा हवा होता म्हणून. चौकटींचा कागद घेतला आणि एकेक बिंदू मांडत गेलो. क्ष चार, य शून्य. क्ष चार, य एक. क्ष चार, य दोन. क्ष चारच राहिला पाहिजे, यला हवं तिकडे जायची मुभा — आणि य जातो वर नि खाली. बिंदू एकावर एक चढत गेले. पाचव्या बिंदूला मी पेन्सिल थांबवली. रेघ उभी होती. लहान पोराला कळावं इतकी उभी होती.

म्हणजे त्या संध्याकाळपासून मला माहीत होतं. परीक्षेला नऊ दिवस होते. नऊ दिवसांत एक वाक्य बोलायचं होतं — 'परवा माझं चुकलं, हवालदार बरोबर होता.' किती वेळ लागतो हो याला? पहिल्या दिवशी मी ठरवलं, आज आल्या आल्या नको, विषय निघू दे. विषय मी काढायचा होता, मी काढला नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वर्गात येऊन बसले, त्यांच्यादेखत कसं सांगणार? तिसऱ्या दिवशी ते नव्हते, तर म्हटलं, सहाजणांचा गोंधळ उडेल, परीक्षा तोंडावर आहे. चौथ्या दिवशी रविवार. असं करत करत मी काळ-काम-वेगाची उदाहरणं सोडवून घेत बसलो. आलेखाचं पान मी पुस्तकात असं ओलांडून जायचो, की जणू त्यात एखादं मेलेलं झुरळ आहे.

महिपती रोज यायचा. रोज त्याच जागेवर बसायचा, चौकटींचा कागद घडी करून खिशात असायचा. शेवटच्या दिवशी मी विचारलं, कुणाला काही विचारायचंय? तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, मग झालं तर, देवाचं नाव घ्या. त्यांनी मला नमस्कार केला आणि गेले.

हाही गुन्हा पुरा नव्हे. भित्रेपणा आहे, मोठा आहे, पण अजून पुरा नाही. सांगतो. आता थांबणार नाही.

परीक्षेत नेमका प्रश्न आला. क्ष बरोबर चार, आणि दोन क्ष अधिक य बरोबर दहा — या दोन रेघा काढा आणि त्या कुठे छेदतात ते दाखवा. पहिली रेघ उभी काढली तर उत्तर येतं, क्ष चार आणि य दोन. आडवी काढली तर येतं, क्ष तीन आणि य चार. दुसऱ्या गावांहून आलेल्या बहुतेकांनी चार-दोन लिहिलं. आमच्या सातजणांनी तीन-चार लिहिलं. सातही जणांनी, सारख्याच आडव्या रेघेनं, सारख्याच उंचीवर. महिपतीनंसुद्धा.

तपासणाऱ्या साहेबाच्या डोळ्यांत ते भरणारच होतं. एकाच शाळेतले सातजण, शेजारी शेजारी बसलेले, सगळ्यांची एकच चूक. नक्कल केली, दुसरं काय? पण साहेब नेक माणूस असावा. परस्पर निकाल देण्याआधी त्यानं शाळेला पत्र धाडून विचारलं, की ही रेघ वर्गात कशी शिकवली होती ते संबंधित शिक्षकानं लेखी कळवावं. एवढंच. त्या पत्रात कुणावर राग नव्हता. उलट, सातजणांना सुटायला त्यानं दार उघडून ठेवलं होतं, आणि दाराशी मी उभा होतो.

हेडमास्तरांनी मला बोलावून पत्र पुढे केलं. "काय हो, ही काय भानगड?" म्हणाले. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच टाकानं, उभ्याउभ्या मी उत्तर लिहिलं. विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणू का? मिळाला होता. टाक दौतीत बुडवला, निब झटकली, कागद सरळ केला — तेवढ्यात माणूस पुष्कळ विचार करतो. मी विचार केला की खरं लिहिलं तर ही जागा गेली. सांगलीला परत जाऊन काय सांगणार, गणित न येता गणिताचा मास्तर झालो होतो? आणि मी लिहिलं — 'सदर रेघ वर्गात उभीच शिकविण्यात आली होती.'

शिकविण्यात आली होती. मी शिकवली, एवढं म्हणायचीही छाती झाली नाही.

आणि तिथेही थांबलो असतो तरी थोडं कमी झालं असतं. खाली मी आणखी एक वाक्य लिहिलं — 'परीक्षार्थींनी परस्परांचे पाहून लिहिले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' हे कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, हेडमास्तरांनी नाही. मी आपण होऊन, अक्षर चांगलं काढून, सात निरपराध माणसांना चोर ठरवलं. मग सही केली. हाच तो गुन्हा. तुम्हाला इथे आणायला मला इतकं लांबून यावं लागलं.

पुढचं मला तेव्हा अर्धंच कळलं. सातजणांना चौकशीला बोलावलं होतं. त्यांतल्या एकानं कबुली दिली, की 'मीच दाखवलं, बाकीच्यांनी माझं बघून लिहिलं.' त्या एकाला कायमचं बाद केलं आणि सहाजणांना महिन्यानं पुन्हा बसू दिलं. पैकी पाच पास झाले. हेडमास्तरांनी मला हे सांगितलं तेव्हा मला काय वाटलं? हायसं वाटलं. प्रकरण मिटलं, माझं नाव आलं नाही. कबुली देणारा कोण, हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. शाळेनं पाच विद्यार्थी पास झाले म्हणून माझ्या गळ्यात हार घातला. मी मान वाकवून तो घालून घेतला. आमच्या घरात आजही आल्यागेल्याला त्या हाराचं कौतुक सांगतात.

दीड वर्षानं मी सांगलीला परत आलो, तोवर गणिताचा मास्तर म्हणून माझं बरं नाव झालं होतं. संस्थान विलीन झालं, कचेऱ्या बदलल्या, मी तिथेच राहिलो, फळ्याकडे तोंड करून ती रेघ काढत. ते चाललं असतं असंच. पण या थंडीत आमच्या शाळेमागच्या जागेची मोजणी निघाली, आणि साखळी घेऊन जो मोजणीदार आला तो शंकर होता. सातांतला सगळ्यांत लहान. मला बघून वाकून नमस्कार केला. मी त्याला चहाला बसवलं — नको ते विचारलं जाईल ही भीती होती, तरी बसवलं. का, कुणास ठाऊक. दुखरा दात माणूस जिभेनं चाचपतोच.

त्यानं काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं. चहा बशीत ओतत, माझ्याकडे न बघता.

"तुमी आमाला आडवी शिकवली, आमी आडवी काढली. सायबानं तुमचं पत्र वाचून दावलं तवा आमाला तोंड उघडाय जागाच न्हाई ऱ्हायली. मास्तरांनी लिवून दिलंय म्हटल्यावर शिपायांचं कोण ऐकणार? आमी सा जणं भांडायला निगालो हुतो. हवालदार म्हणला, भांडला तर सातीबी जातील. येकानं गेलं तर सा ऱ्हातील. आन् आत जाऊन सांगून आला, म्याच दावलं, म्हाजं बगून लिवलं सगळ्यांनी."

मग त्यानं आणखी एक सांगितलं. दुसऱ्या परीक्षेआधीच्या महिन्यात महिपतीनं त्या सहाजणांना आपल्या गावी बोलावून घेतलं, चावडीपुढच्या मोकळ्या जागेत रांगा करून उभं केलं, काठी रोवली आणि उभ्या-आडव्या रेघा पायांनी चालवून शिकवल्या. पाच पास झाले ते त्यामुळे. हार माझ्या गळ्यात पडला होता. शंकरनं बशी उपडी ठेवली आणि साखळी उचलून कामाला गेला.

पुढच्याच आठवड्यात मी रजा टाकली. तोपर्यंत मी फार तर सांगण्याचं ठरवत असे. आता ठरवणं संपलं होतं, जायचं होतं. मोटारीनं नदीपर्यंत, नावेतून पलीकडे आणि मग उसाच्या पट्ट्यांमधून पायी. महिपती भावाच्या गुऱ्हाळावर सापडला. काहिलीतला रस उकळत होता आणि लांब दांड्याच्या झाऱ्यानं तो वरची मळी काढत होता. मला बघून त्यानं झारा दुसऱ्याच्या हातात दिला, हात धुतले, पोतं अंथरलं. उसाच्या पाल्यावर गरम गूळ आणून ठेवला. मी तो खाल्ला. गूळ उत्तम होता.

आणि मग मी सांगितलं. सगळं — आडवी रेघ, ती संध्याकाळ, नऊ दिवस, पत्र, पत्रातलं दुसरं वाक्य. तो काहिलीकडे नजर ठेवून ऐकत होता, कारण गूळ कुणासाठी थांबत नाही.

"मला म्हाईत हुतं, मास्तर," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशीच वळाकलं. तुमी फळ्याकडं बगंना, आमच्याकडं बी बगंना."

मी विचारलं, मग पेपरात तू उभी का काढली नाहीस? तुला तर येत होतं. तू तरी पास झाला असतास.

"सा जणं आडवी काढणार, हे मला म्हाईत. म्या येकट्यानं उभी काढायची म्हंजी त्यांस्नी खड्ड्यात ढकलून आपुण काठावर ऱ्हायाचं. पलटणीत आसं कोण करत न्हाई."

"मग त्यांना आधी सांगायचं होतंस."

त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "वर्गात मास्तर तुमी. तुमच्या माघारी तुमचं उलटं सांगणं मला बरं वाटंना. म्या वाट बगितली. म्हटलं, आज सांगतील, उंद्या सांगतील. शेवटच्या दिशी तुमी इचारलं, कुणाला काय इचारायचंय का, तवा वाटलं, आता सांगत्यात."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असता? मी बोललो, मला माफ कर. आणि बोलल्या बोलल्या मला कळलं, की हेही मी माझ्यासाठीच मागतो आहे. बिनशर्त, फुकट, गूळ खाऊन वर माफीही. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याचं वय उलटून गेलं होतं, ती परीक्षा आता त्याला कधीही देता येणार नव्हती. त्याच्या गावात मात्र ही गोष्ट अजून ताजी आहे. नक्कल करताना धरला म्हणून बाद झाला, अशी त्याच्याबद्दल बोलवा आहे, आणि गेल्या वर्षी बांधाच्या एका तंट्यात पंच म्हणून त्याचं नाव निघालं तेव्हा कुणीतरी तेच काढलं. हे मला त्याच्या भावानं निघताना सांगितलं. तो स्वतः एवढंच म्हणाला, "मला सांगून काय उपेग? त्ये कागदावर हाय. कागदावरच खोडाय पायजे."

हे ऐकूनही माझं मन पळवाटा शोधत होतं, हे लपवत नाही. परतीच्या नावेत मी हिशेब मांडत होतो — तीन वर्षांपूर्वीचं प्रकरण, तो साहेब आता असेल की नसेल, पत्र पोहोचेल की नाही, महिपतीला वयामुळे फायदा तर काहीच नाही. मग पोरांपुढे, बायकोपुढे, दोन गावांपुढे तोंड काळं करून घ्यायचं कशासाठी? नाव काठाला लागेपर्यंत मला याचं उत्तर सापडलं नव्हतं. घरी पोहोचल्यावर सापडलं. फायदा होणार असता तर मी ते उपकार म्हणून केलं असतं. फायदा नाही, म्हणून ते करायलाच हवं.

म्हणून ते पत्रांत लिहून काढलं. तुम्हाला सांगितलं ते एवढ्यासाठी, की एकदा चारचौघांत बोललं की मागे फिरता येत नाही, आणि मला माझा भरवसा नाही. घरात आज दुपारी सांगितलं. बायकोनं फळीवरची ट्रंक उघडून सुकलेला हार काढला आणि बाहेर नेऊन टाकला. उद्या पहिल्या तासाला मी पोरांना सांगणार आहे, की अंगणात काठी रोवून शिकवायची ती युक्ती कुणाची. नोकरी राहील की जाईल ते शाळा ठरवील. मी तिथे काही बोलणार नाही.

साहेबाच्या कचेरीला, साताऱ्याच्या शाळेला, आमच्या शाळेला आणि महिपतीच्या गावच्या चावडीला, अशी चार पत्रं आज दुपारी टपालात टाकली. चारींत मजकूर एकच आहे, आणि तो लांब नाही —

क्ष बरोबर चार ही रेघ उभी असते. मी ती वर्गात आडवी शिकवली. हवालदार महिपती यांनी चूक दाखवली असता त्यांचा अपमान करून तीच आडवी रेघ त्यांना फळ्यावर काढायला लावली. त्याच संध्याकाळी मला चूक कळली, आणि परीक्षेपर्यंत नऊ दिवस मी ती सांगितली नाही. नंतर लेखी विचारणा झाली तेव्हा मी खोटं लिहिलं. सातही जणांनी मी शिकवलं तेच काढलं. कुणीही कुणाचं पाहिलं नव्हतं.